वांग्याविना तीन पावसाळे: किणये भागातल्या एका परड्याचं प्रकरण

बेळगावहून पिरनवाडी मागे टाकून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की माती तांबडी होत जाते आणि पाऊस वाढत जातो. जिल्हा एकच, पण अथणीकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीकडे त्याच्या कितीतरी पट. ज्या घराबद्दल लिहितो आहे ते किणये भागातलं, म्हणजे पावसाच्या बाजूचं. घरामागे दीड गुंठ्याचं परडं. जमीन उतरती. वरच्या अंगाला शेजाऱ्यांचं शेत, त्यात पावसाळी बटाटा आणि रताळी आलटून-पालटून. खालच्या अंगाला विहीर आणि न्हाणीचं पाणी सोडलेली केळी-अळवाची जागा.

घरात काकू, त्यांचा मुलगा, सून आणि हायस्कुलात जाणारा नातू. मुलगा उद्यमबागेत कारखान्यात कामाला. परडं सासू-सुनांच्या हातातलं. माळवं विकत आणायचं नाही, परड्यात होईल तेच शिजवायचं, ही या घराची जुनी रीत. पगार आला म्हणून ती मोडलेली नाही.

तक्रार अशी होती. मृगात लावलेली वांगी, टोमॅटो आणि मिरची आषाढभर छान वाढायची. फुलं यायची, एखादं-दुसरं वांगं धरायचं. मग श्रावणात पावसाने उघडीप दिली आणि दोन दिवस ऊन पडलं की दुपारी एखाद्या झाडाचा शेंडा मान टाकायचा. संध्याकाळी परत ताठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन-चार दिवसांत अख्खं झाड लोळागोळा व्हायचं आणि मग शेजारचं धरायचं. काकूंचं वाक्य मला अजून आठवतं: "पिवळं पडून मेलं आसतं तर समजलं आसतं. ही हिरवीच्या हिरवी मरालेत." त्या वाक्यात निम्मं निदान होतं.

मला बोलावलं तेव्हा हे सलग तिसरं वर्ष होतं. तोवर घरच्यांनी आपापल्या परीने बरंच केलं होतं. पावसाने मुळं कुजली म्हणून वाफे उंच केले. हुमणी असेल म्हणून माती उकरून पाहिली, दोन-चार अळ्या सापडल्याही, पण मेलेल्या झाडांची मुळं कुरतडलेली नव्हती. दुकानदाराने निळं तांब्याचं औषध दिलं, पुढच्या वर्षी प्रतिजैविकाची पुडी दिली. कुणीतरी नजर लागली म्हणून लिंबू-बिब्बा बांधायला सांगितलं, तोही बांधला. यातल्या एकाही गोष्टीला मी नाव ठेवणार नाही. डोळ्यांदेखत भरलं झाड जातं तेव्हा माणूस हाताला येईल ते करतो.

मी आधी झाडांपेक्षा मांडणी पाहिली. वरून खाली सहा वाफे. पहिल्या तीन वाफ्यांत वांगी, टोमॅटो, मिरची. त्यांच्या कडेने भेंडी आणि चवळी. वरच्या शेतातलं पाणी बांधाच्या एका फटीतून येऊन या तीन वाफ्यांतून वाहत खाली जायचं. भेंडी त्याच पाण्यात, त्याच मातीत उभी होती, आणि ठणठणीत होती. चवळीचे वेल तर मेलेल्या वांग्याच्या खुंटावर चढले होते. पाणी साचून मुळं कुजत असती तर भेंडीने आधी हात वर केले असते. मरत होती ती फक्त एकाच कुळातली: वांगी सर्वांत जास्त, टोमॅटो जवळजवळ तितकेच, मिरची थोडी कमी. आणि कडेला आपोआप उगवलेली कामोणी, तीही दोन ठिकाणी सुकलेली. कामोणी वांग्याच्याच कुळातली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कारण ती कुणी लावलेली नव्हती.

पेल्यातली चाचणी

ही चाचणी कुठल्याही घरात होते आणि प्रयोगशाळेआधी तीच करावी. नुकतंच मान टाकलेलं, अजून हिरवं असलेलं झाड घ्यायचं. पूर्ण वाळलेलं चालत नाही. जमिनीलगतचा खोडाचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा धारदार सुरीने कापायचा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडेल असा तो दोऱ्याने टांगायचा आणि पेला हलवायचा नाही. रोग जिवाणूंचा असेल तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट पांढरे धागे पाण्यात खाली उतरू लागतात. बुरशीचा मर रोग असेल तर हे धागे येत नाहीत. शिवाय त्यात खालची पानं आधी पिवळी पडतात आणि झाड सावकाश जातं.

पेला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता. धागे उतरताना सूनबाईंनी पाहिले, मग नातवाने, मग काकूंनी. "म्हंजे झाडाच्या नळ्या तुंबल्यात," नातू म्हणाला. अगदी तसंच. रालस्टोनिया नावाचा हा जिवाणू मुळाच्या जखमेतून शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत वाढतो. मुळाशी पाणी असूनही ते पानापर्यंत पोचत नाही. पान पिवळं पडायलाही सवड मिळत नाही. ढगाळ दिवसांत पानांतून पाणी कमी उडतं म्हणून झाड तग धरतं. ऊन पडलं की पाण्याची मागणी वाढते आणि मग ते कोसळतं. म्हणूनच दर वर्षी हे श्रावणातल्या उघडिपीतच दिसायचं. उबदार हवा, ओल आणि आम्लधर्मी तांबडी माती या तिन्ही गोष्टी त्याला मानवतात, आणि आपल्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात त्या तिन्ही असतात.

पुढचा प्रश्न, तो आला कुठून. दोन वाटा दिसत होत्या. एक म्हणजे बांधाच्या फटीतून येणारं बटाट्याच्या शेतातलं पाणी. दुसरी स्वयंपाकघरातून निघालेली: बाजारातल्या बटाट्यांना कोंब फुटले की काकू ते फेकायला नको म्हणून दुसऱ्या वाफ्यात पुरायच्या, आणि बटाट्याच्या साली खताच्या खड्ड्यात जायच्या. हा जिवाणू बटाट्यातून सहज प्रवास करतो, वरून बटाटा चांगला दिसत असला तरी. कुठली वाट खरी हे ठरवत बसण्यापेक्षा दोन्ही बंद करणं शहाणपणाचं होतं.

इथे एक कटू गोष्ट सांगावी लागली. फवारायचं किंवा ओतायचं असं काहीही झाडाच्या नळ्यांत पोचून या रोगाला बरं करत नाही. तांब्याचं औषध पानावर बसतं, रोग आत असतो. प्रतिजैविकाची पुडी मी साफ नको म्हटलं. खाण्याच्या परड्यात, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, माणसांच्या आजारांवर लागणारं औषध मातीत ओतायचं नाही. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतो. त्याला उपाशी ठेवणं एवढंच हातात असतं, आणि उपाशी ठेवायचं तर निदान तीन पावसाळे त्या वाफ्यांत वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा यांतलं काहीही नाही.

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "वांगं नाय, टमाटं नाय, तर मग भाकरीसंगट मानसांस्नी घालू काय?"

ताटाचा हिशेब

माझ्या मते हे सगळं प्रकरण या एका प्रश्नापाशी उभं राहतं. पिकांची फेरपालट करा असं कुठलंही कृषी पत्रक सांगतं. ती होत नाही, कारण चूल बदलत नाही. घराला सवय वांग्या-बटाट्याची असेल तर बाई पुढच्या मृगात वांग्याची रोपं आणणारच. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला रोज चार माणसांचं ताट भरायचं असतं.

म्हणून आम्ही परड्याचा नकाशा बाजूला ठेवला आणि सूनबाईंनी आठवडाभर घरात काय शिजलं ते लिहून काढलं. भरली वांगी, बटाट्याची सुकी भाजी, टोमॅटोचं सार, वांगं-बटाटा रस्सा, मिरचीचा ठेचा, आमटीत टोमॅटो, पोह्यात बटाटा. एकेका ताटात त्या एका कुळाची दोन-तीन नावं. मग प्रत्येकापुढे लिहिलं की ते ताटाला नेमकं काय देतं. टोमॅटो आंबटपणा देतो. वांगं मसाला पोटात धरतं आणि रश्श्याला अंग देतं. बटाटा पोट भरतो. मिरची तिखटपणा देते. जे काम आहे ते दुसरं कोण करेल, असा शोध सुरू झाला आणि काकूंचा चेहरा पालटला. त्यांच्या सासूच्या काळात टोमॅटो इतका नव्हताच घरात.

आंबटाला अंबाडी आली. ती भेंडीच्या कुळातली, तांबड्या मातीत आणि पावसात उत्तम येते, शेंडे खुडत राहिलं की फुटत राहते. काकू ती अशी करतात: पानं निवडून उकळत्या पाण्यात शिजवायची, फार आंबट असली तर थोडं पाणी काढायचं. वेगळ्या भांड्यात मूठभर तूरडाळ, मूठभर तांदळाच्या कण्या आणि शेंगदाणे शिजवून घ्यायचे. सगळं एकत्र घोटून गुळाचा खडा घालायचा आणि वरून भरपूर तेलात ठेचलेल्या लसणाची, लाल मिरचीची फोडणी. गरम भाकरी आणि कच्चा कांदा. कन्नड घरांत हीच पुंडीपल्ल्या ज्वारीच्या कण्या घालून होते. काकूंच्या शेजारच्या अक्कांनी तसा एक वाडगा आणून दिला, तेव्हापासून या घरातही अधूनमधून ज्वारीच्या कण्या पडतात. साराला आमसूल आलं. ते या पश्चिम पट्ट्यात मिळतंच.

भरायला दोडकं आणि तोंडली. मसाला तोच जुना: भाजलेले शेंगदाणे, कारळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण, चिंच-गूळ. फरक एकच, दोडकं स्वतः पाणी सोडतं, म्हणून मसाला कोरडाच भरायचा आणि झाकण ठेवून वाफेवर शिजवायचं. वांग्यासारखं पाणी घातलं तर पचपचीत होतं. दोडक्याच्या शिरा फेकायच्या नाहीत. त्या तव्यावर कुरकुरीत परतून तीळ-कारळाबरोबर चटणी होते, आणि ती चार दिवस टिकते.

अळू परड्यात होतंच, पण न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी दुर्लक्षित गोष्ट म्हणून. त्याला ताटात मानाची जागा मिळाली. काळ्या देठाची कोवळी पानं, देठ सोलून, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून पातळ भाजी. अळवातल्या सुईसारख्या ऑक्झलेटच्या स्फटिकांनी घशाला खाज येते, म्हणून चिंच किंवा आमसूल हवंच आणि भाजी नीट शिजायला हवी. घाई केली की घसा धरतो. चिरताना हाताला तेल लावावं.

बटाट्याच्या जागी रताळी आणि अळकुड्या. रताळी हे तर बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेचं हुकमी पीक, नवरात्राच्या उपवासाला दारात येणारं. परड्यात वेल लावले ते पानांसाठीही. कोवळ्या शेंड्यांची लसूण घालून परतलेली भाजी नातवाला सर्वांत आवडली.

लाल माठ, चवळी, पडवळ, मका, कडेला नाचणी. माठाचे जाड देठ चवळीच्या आमटीत. मक्याचा वाफा मुद्दाम सर्वांत बाधित जागी ठेवला, कारण मका-नाचणीसारख्या धान्यपिकांवर हा जिवाणू पोसला जात नाही. आल्याला मात्र त्या वाफ्यांत मी मज्जाव केला. आल्यालाही याच जिवाणूच्या जातीचा मर रोग होतो, आणि कंदातून तो पुन्हा पसरतो. आलं लावलं ते गोणीत. हळद खालच्या अंगाला, पाणी न साचणाऱ्या कोपऱ्यात, पातोळ्यांना पानं मिळावीत एवढ्यापुरती.

कोथिंबिरीचा प्रश्न वेगळाच. धो धो पावसात ती कुजते, मग कुठलाही वाफा असो. सोप्यात पन्हळीच्या आत प्लास्टिकचा जुना क्रेट ठेवून, धणे चिरडून-भिजवून टाकले. ती पुरेशी झाली नाही. पावसाळाभर वासाचं काम कढीपत्ता, पुदिना आणि ओव्याच्या पानांनी केलं. ओव्याची पानं तुपात परतून, ओलं खोबरं आणि ताकाबरोबर वाटून केलेली तंबळी ही अक्कांकडूनच आलेली आणखी एक गोष्ट. सर्दीच्या दिवसांत भातावर तिच्यासारखं काही नाही.

तिखटाची सोय सोपी होती. सुकी संकेश्वरी मिरची बाजारातून वर्षाची भरली जातेच, रंगाला ब्याडगी. हिरव्या मिरचीची झाडं डब्यांत गेली.

मातीचं काम

बाधित झाडं मुळासकट, मातीच्या ढेकळासह उपटून गोणीत भरली आणि उन्हात वाळवून जाळली. खड्ड्यात एकही नाही. बांधाची फट बुजवली आणि वरच्या अंगाला आडवा चर खणून पाणी परड्याबाहेर, रस्त्याच्या गटाराकडे वळवलं. मुलाने रविवारच्या सुट्टीत ते एकट्याने केलं. मला विचाराल तर सगळ्या उपायांत याच कामाचा गुण मोठा.

वरच्या तीन वाफ्यांचं खुरपं वेगळं, त्याच्या मुठीला लाल चिंधी. ते धुऊन, चुलीच्या जाळावर धरूनच ठेवायचं. कामोणी आणि धोत्रा दिसला की लगेच उपटायचा. बटाट्याच्या साली खड्ड्यात न टाकता उकळून गुरांच्या आंबोणात, हिरव्या पडलेल्या असल्या तर तेही नाही. उकळल्यावर जिवाणू राहत नाही.

रयत संपर्क केंद्रातून मातीचा नमुना तपासायला दिला. अहवाल कन्नडमध्ये आला, तो नातवाने आजीला मराठीत वाचून दाखवला. सामू आम्लाकडे झुकलेला निघाला. शेणखताबरोबर बेताने चुना दिला. चुन्याने रोग जात नाही, मात्र मातीची आंबटाई कमी होऊन बाकीची पिकं सुधारतात, विशेषतः चवळी.

वांग्यावर मात्र काकूंचा जीव, आणि तीन वर्षं ताटात वांगंच नाही हे त्यांना मान्य नव्हतं. योग्यच होतं ते. त्यासाठी दगडी कट्ट्यावर रंगाचे रिकामे डबे आले, तळाला भोकं पाडून. माती खालच्या अंगाची नाही, परड्याबाहेरची. आणि रोपं कलमी. अक्कांच्या कुंपणाला काटेरी रानवांगं होतं, त्याला कन्नडमध्ये सुंडेकाई म्हणतात, शास्त्रीय नाव सोलॅनम टॉर्व्हम. त्याचं मूळ या रोगाला दाद देत नाही. त्याची रोपं सावकाश वाढतात, म्हणून बी आधी टाकावं लागतं. पेन्सिलीहून जरा बारीक खोड झालं की जमिनीपासून चार बोटं वर छाटून मधोमध चीर द्यायची, गावठी वांग्याचा तेवढ्याच जाडीचा शेंडा पाचरीसारखा तासून त्यात बसवायचा, पट्टी बांधायची आणि आठवडाभर सावलीत प्लास्टिकच्या पिशवीखाली ठेवायचं. दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. जोड कायम मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या वांग्याला स्वतःची मुळं फुटतात आणि सगळं फुकट जातं. आणि जोडाखालून येणारे सुंडेकाईचे फुटवे वरचेवर खुडायचे. सूनबाईंचा हात बसायला वेळ लागला. पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त कलमं वाळली. पुढच्या खेपेला उलट झालं.

पुढे काय झालं

पहिल्या पावसाळ्यात कुरकुर झाली. मुलाला डब्यात अंबाडी नको होती. सूनबाईंनी तिचे तांदळाच्या पिठात वडे केले, मग ती जाऊ लागली. दुसऱ्या वर्षी मक्याच्या वाफ्याच्या कडेला कुठूनसा टोमॅटो आपोआप उगवला. काढायला सांगितला होता, पण काकूंना तो उपटवेना. श्रावणात तो मेला, पेल्यात पुन्हा पांढरे धागे दिसले, आणि त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

तीन पावसाळे झाल्यावर मागच्या वर्षी खालून चौथ्या वाफ्यात पहिल्यांदा जमिनीत लागवड केली. साधी वांगी नाही. बंगळूरजवळ हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने जिवाणूच्या मर रोगाला तोंड देतील अशा जाती काढल्या आहेत: वांग्यात अर्का निधी आणि अर्का केशव, टोमॅटोत अर्का रक्षक. त्यातली अर्का केशव आणि सोबत काही कलमी रोपं लावली. श्रावणातली उघडीप आली आणि गेली. केशवची दोन झाडं गेली, ती त्याच दिवशी उपटली. बाकीची दसऱ्यापर्यंत वांगी देत राहिली. कलमी एकही गेलं नाही. काकूंना केशवच्या लांबट वांग्याची चव भरल्या वांग्याला पुरत नाही असं वाटतं, आणि चवीच्या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत आहे.

सर्वांत वरचे दोन वाफे अजून बंद आहेत. तिथे यंदाही मका आणि अंबाडीच. चराच्या कडा गेल्या पावसात दोन ठिकाणी ढासळल्या, त्या वळवाच्या आधी बांधून घ्यायच्या आहेत. शेजाऱ्यांना पेल्यातली चाचणी दाखवून झाली आणि त्यांनी यंदा त्या शेतात बटाट्याऐवजी भुईमुगाचा विचार चालवला आहे. सुंडेकाईचं बी अक्कांनी सुकवून दिलं आहे. गावठी काटेरी वांग्याचे शेंडे मात्र काकूंच्या चंदगडच्या बहिणीकडून आणायचे, कारण भरायला तेच वाण हवं असा त्यांचा आग्रह आहे.